मर्लच्या रायफलीवर मी दिलेला निकाल

१९७४ च्या ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी मर्ल पॅस्को आणि मी माझ्या घराच्या मागच्या पायरीवर बसून वाटाणे सोलत होतो. ती दाणे पातेल्यात टाकत होती, मी निम्मे तोंडात. "आज तुझ्या घरच्यांच्या ताटात सालंच पडणार," असं ती म्हणाली आणि आम्ही दोघी हसलो. भिंतीला टेकून, जुन्या चादरीत गुंडाळलेली, तिच्या नवऱ्याची रायफल उभी होती. मला या कागदाची सुरुवात तिथूनच करावी लागते. वकिलांनी दिलेला नमुना मी बाजूला ठेवला आहे.

मी, फिलोमिना ॲग्नेस टिअर्नी, कै. कॉर्नेलियस टिअर्नी यांची पत्नी, वय ६८, राहणार वारांबी, न्यू साउथ वेल्स, पूर्ण शुद्धीवर असताना, कुणाच्याही दबावाशिवाय हे माझं मृत्युपत्र लिहिते. २००४ साली केलेलं रद्द समजावं. अक्षर वाकडं आलं आहे याबद्दल क्षमा असावी. कॉन्व्हेंटमध्ये सुंदर हस्ताक्षराचं बक्षीस मिळवलेली मुलगी मीच. बावीस दिवस झाले, हात स्थिर राहत नाही. डॉक्टरांकडे जाऊन आले. "मिसेस टिअर्नी, तुम्हाला धक्का बसलाय. बुद्धी मात्र ठणठणीत आहे," असं ते म्हणाले आणि तसं लिहून दिलं. तो कागद सोबत जोडला आहे.

१. राहतं घर आणि मागची जागा माझी मुलगी माजेला आणि मुलगा डेक्लन यांना समसमान. विकायचं की ठेवायचं ते त्यांनी बसून ठरवावं. उभ्याने ठरवू नये. उभ्याने बोलायला लागले की दोघं भांडतात.

२. माझे वडील टॉम डेव्हरू गावच्या बंदुका दुरुस्त करत. त्यांची हत्यारं, कानशी, मोजमापाच्या पट्ट्या आणि कामाचं लाकडी टेबल डेक्लनला. काम घट्ट पकडून ठेवणारा लहान शेगडा त्यात सापडणार नाही. तो माझा भाऊ फर्गस १९८८ साली "फक्त रविवारपुरता" घेऊन गेला. त्याच्याकडेच राहू द्या. पण मी विसरलेले नाही, एवढं त्याला कळवा.

३. रायफल. हे कलम लांब होईल.

वडिलांची नजर गेल्यावर लोक माझ्याकडे येऊ लागले. जुन्या लष्करी रायफली आमच्या भागात घरोघरी होत्या. कुणी त्या घोड्याच्या बदल्यात द्यायचं, कुणी पाण्याच्या टाकीच्या, आणि सौदा ठरण्याआधी एकमेकांना म्हणायचे, "फिलोमिनाला दाखव." मी नळीच्या टोकाशी अंगठ्याचं नख धरून, त्यावरून परतणाऱ्या उजेडात आतल्या पिळदार खाचा बघायची. मग क्रमांक ताडून बघायची: बोल्टवर, सांगाड्यावर, पुढच्या लोखंडी टोपीवर, नेम धरायच्या पट्टीवर, लाकडाच्या पोटाशी. बहुतेकांत एखादा तरी वेगळा निघे, म्हणजे तो भाग दुसऱ्या रायफलीचा. आणि कांगारू मारायला हलकी पडावी म्हणून जवळजवळ सगळ्यांनी पुढचं लाकूड करवतीनं कापून टाकलेलं असे.

आल्फ पॅस्को रेल्वेच्या रुळांवर कामाला होता. कोरियाच्या लढाईतून परतल्यावर सरकारी विक्रीत त्याने ही रायफल घेतली होती. त्या मंगळवारी वाटाणे संपल्यावर मर्लने चादर सोडली.

"व्हिक सँड्री त्याच्या आईचं शिलाई मशीन देतोय हिच्या बदल्यात," ती म्हणाली. "बरोबर आहे ना गं?"

मी रायफल उचलली. लाकूड अख्खं. नळी आरशासारखी. पाचही ठिकाणी एकच क्रमांक. अशी रायफल असते, हे मी तोवर फक्त वडिलांकडून ऐकलं होतं.

"वेडी आहेस का मर्ल? अशी दहा मशिनं येतील हिच्यात!"

"मला एकच पुरे. मुलींचे कपडे घरी होतील."

"आल्फला विचारलंस?"

"तो काही म्हणायचा नाही. हल्ली तो कशालाच काही म्हणत नाही." मग ती म्हणाली, "व्हिक आज दुपारीच यायला तयार आहे."

"आजच कशाला? थांबू दे त्याला. जरा ताणून धर."

"फिल, मला आजच दिलेली बरी."

हे वाक्य मी ऐकलं. कानांनी ऐकलं. आणि उठून, तिच्यासमोरच, व्हिकला फोन लावला. "बाई भोळी दिसली म्हणून मशीनवर भागवतोस होय रे? लाज नाही वाटत?"

व्हिक गोंधळून म्हणाला, "अगं, मी नाही गेलो तिच्याकडे, तीच आली माझ्याकडे. काहीही दे म्हणाली."

"काहीही म्हणाली म्हणून काहीही द्यायचं?" असं म्हणून मी फोन ठेवला. मला स्वतःचा फार अभिमान वाटला. मर्लने रायफल पुन्हा चादरीत गुंडाळली, व्यवस्थित, बाळाला गुंडाळावं तशी, आणि घरी घेऊन गेली.

त्यानंतर एकोणीस दिवसांनी आल्फ गेला. कुंपण ओलांडताना रायफल उडाली, असं पोलिसांनी लिहिलं, पाद्र्यांनी सांगितलं आणि आम्ही सगळे तेच बोललो. आमच्या भागात अशी बरीच कुंपणं आहेत. मी ते खरं मानलं. का मानू नये? मी अंत्यविधीला दोन केक नेले.

पुढच्या वर्षी मर्लने रायफल माझ्या दारात आणली. "तुझ्याकडे राहू दे. तुला हिची किंमत कळते." मला वाटलं, केवढं मोठं मन! काचेच्या कपाटात ठेवली. गावच्या जत्रेत मांडली, पहिल्या बक्षिसाची निळी फीत मिळवली. मर्ल तेव्हा स्कोनचे छोटे पाव घेऊन माझ्या शेजारी उभी होती, लोकांना बशा देत. छत्तीस वर्षं ती माझ्या घरी येते आणि कपाटाकडे पाठ करून बसते. मला वाटायचं, तिला ती खिडकीजवळची खुर्ची आवडते.

गेल्या महिन्यात या मृत्युपत्रासाठी मी एका जाणकाराला बोलावलं. त्याने आकडा सांगितला. चहाला मर्ल आली तेव्हा मी हर्षभराने तिला म्हटलं, "बघ! मी म्हणाले नव्हते? दहा नाही, चाळीस मशिनं आली असती!"

तिने कप खाली ठेवला.

"फिल, मी ती एका कात्रीवरसुद्धा दिली असती. फुकट दिली असती. पण फुकट दिली तर आल्फ विचारणार, का दिलीस? मशीन आणलं असतं तर विचारलं नसतं."

मला कळेना. मग कळलं, कुंपण वगैरे काही नव्हतंच.

"तो रोज संध्याकाळी ती मांडीवर घेऊन शेडमध्ये बसायचा," ती म्हणाली. "साफही करत नव्हता. नुसता बसायचा."

"तू मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? तू त्या क्रमांकांवर किती खूश झाली होतीस! मी कोण तुला खोटं पाडणार?"

मी रडायला लागले तशी ती रागावली. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर रागावली. "हे बघ, ते माझं दुःख आहे. तू ते उचलून नेऊ नकोस. आधीच माझं पुष्कळ तुझ्या कपाटात आहे."

सिस्टर कोलंबा आम्हाला गणित शिकवायच्या. उत्तर बरोबर आलं तरी प्रश्न पुन्हा वाचायला लावायच्या. मी दिलेला निकाल आजही अचूक आहे, कोणताही जाणकार मान्य करील. प्रश्न मात्र वेगळाच होता आणि तो समोर बसून वाटाणे सोलत होता.

हे सगळं इथे लिहू का, असं मी मर्लला विचारलं. "लिही. मुलींना मी सांगून टाकलंय. कुंपणाचा मला कंटाळा आलाय," असं ती म्हणाली. म्हणून लिहिलं.

रायफलीविषयी माझी सूचना अशी: माजेलाने ती पोलीस ठाण्यात जमा करून नष्ट करवून घ्यावी आणि तसा कागद आणावा. विकायची नाही, संग्रहालयाला द्यायची नाही. डेक्लनकडे परवाना आहे आणि त्याने फोनवर मला विचारलं, "आई, पाचही क्रमांक जुळलेली, न कापलेली, आणि वितळवायची?" होय बाळा. मी तुला तसं बघायला शिकवलं, ती चूक माझी. मी जिवंत असतानाच हे करणार होते, पण मर्ल म्हणाली, "माझ्यासाठी घाई नको, मला सवय आहे." तरी या महिन्यात माझ्या हातून झालं तर हे कलम वाया गेलं असं समजा.

४. व्हिक सँड्रीला काही देत नाही, कारण तो या कागदावर साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही घेता येत नाही. माफी मालमत्तेत मोडत नाही, असं वकील म्हणाले, म्हणून ती इथे मागते. व्हिक, त्या दिवशी फोनवर तू खरं बोलत होतास.

५. बँकेतली ठेव माजेला आणि डेक्लनला निम्मी निम्मी. निळी फीत चुलीत घालावी.

६. आता शेवटचं आणि सगळ्यात आधी करायचं. माझ्या दफनानंतर मुलांनी, सुनेने, फर्गसने, कुणीही घरातल्या वस्तूला हात लावण्यापूर्वी मर्ल पॅस्कोला घरी आणावं. तिला सगळ्या खोल्यांतून सावकाश फिरू द्यावं. ती ज्या वस्तूकडे बोट दाखवील ती उचलून तिच्या गाडीत ठेवावी, मग ती जेवणाचं टेबल असो की मिठाची बाटली. एकच वस्तू मागितली तर एकच. काहीच मागितलं नाही तर तिला चहा द्यावा आणि घरी सोडून यावं. "एवढंच?" असं कुणी म्हणायचं नाही. "ही फार मोलाची आहे" असंही म्हणायचं नाही. का हवी, ते विचारायचं नाही. ती "आजच" म्हणाली, तर त्याच दिवशी पोचवायची.

सही: फिलोमिना ॲग्नेस टिअर्नी

आम्ही दोघांनी एकाच वेळी, त्यांच्या समोर बसून, त्यांना सही करताना पाहिलं. मध्ये त्या दोनदा थांबल्या. कुणी घाई केली नाही.

साक्षीदार १: व्हिक्टर जेम्स सँड्री, वय ८१, निवृत्त लोहार
साक्षीदार २: नोएलीन रूथ बॅगॉट, वय ५२, ग्रंथपाल

ठिकाण: वारांबी
दिनांक: ७ जून २०११