टिचबटणांचा कोट

३ नोव्हेंबर, रविवार

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार, पण मनातल्या मनात. आज माझं आणि गुडघ्यांचं बोलणं बंद आहे. सवयीने 'विनंती विशेष' लिहायला हात जातो, पण विशेष असं काही नाही. रोजचंच. दमायला होतं, एवढंच.

अक्षर बारीक आलंय ना? चष्मा शोधत बसली असशील. कागद वाचवते आहे असं समज.

पार्सल परवाच मिळालं. अजून फोडलेलं नाही. आत कोट आहे हे तू फोनवर सांगून टाकलंसच, त्यामुळे उत्सुकतेचा प्रश्नच नाही. खुर्चीवर ठेवलंय, जाता-येता बघते. तुझ्या त्या गाठी सोडवायचा हल्ली कंटाळा येतो. गाठी मारतेस की सूड उगवतेस?

खोली बरी आहे. जिन्याला अजूनही कठडा एकाच बाजूला, त्यामुळे चढताना मी श्रीमंत आणि उतरताना भिकारी. शेजारी आता एक नर्स राहते. परवा ती दार बडवत आली, "अहो, काय जळतंय?" म्हणून. माझीच भाजी करपून कोळसा झाली होती. मी शेगडीशेजारी वाचत बसलेले आणि मला वासाचा पत्ता नाही. "सर्दी झालीय का?" म्हणाली. मी हो म्हटलं.

आता तुझा आवडता विषय. 'लोळण्याची पदवी' कुठवर आली, असं विचारलंयस. येतेय हो, लोळत लोळतच येतेय. तुला किती वेळा सांगितलं, विद्यापीठाच्या आमच्या हालचाल-अभ्यास विभागात व्यायाम नसतो. सकाळी लाकडी फरशीवर आडवं व्हायचं आणि पाठ कुठे टेकते, कुठे टेकत नाही, ते बघत राहायचं. मग हात उचलायचा, पण इतका हळू की उचलायचं मनात आलं तेव्हा खांद्यात काय झालं ते कळलं पाहिजे. आमच्या बाई दर वाक्याला "सावकाश" म्हणतात, म्हणून मुलं त्यांना सावकाशबाई म्हणतात. दुपारी वर्ग, शरीरशास्त्र, निबंध. पोस्टाच्या खिडकीत जन्म काढलेल्या बाईला पन्नाशीनंतर कळतंय की तिला बरगड्या आहेत आणि त्या हलतात. हस, हस.

वर्गातली पोरं माझ्या निम्म्या वयाची. माझी जोडीदारीण एक लंबूटांग मुलगी, आधी नाच शिकायची. मी तिला टोळ म्हणते, ती मला आजी म्हणते. फिटंफाट.

मध्यंतरी एक गंमत झाली. म्हणजे गंमत म्हणूनच तुला सांगणार होते, पण दोन पत्रं गेली आणि लिहिलं नाही.

आमच्याकडे एक पाठ असतो, दुसऱ्याची चाल अंगावर घ्यायचा. एकीने नेहमीसारखं चालायचं. दुसरीने मागून चालायचं, आधी नुसतं बघायचं, मग तिची टाच, तिचा गुडघा, तिचा खांदा एकेक करून आपल्यात उतरवायचा. नीट बसलं की पहिलीने बाजूला होऊन उभं राहायचं. दुसरी चालतच राहते, आणि आपल्याला आपलं चालणं बाहेरून दिसतं. सगळे पोट धरून हसतात. माझी पाळी येईपर्यंत मीही हसत होते.

टोळ माझ्या मागून चालली. मग बाई मला म्हणाल्या, "थांबा आता. बघा."

ताई, दाराकडून अण्णा येत होते.

आपलेच अण्णा. डावा हात अंगाशी धरलेला, जणू काखेत वर्तमानपत्र आहे. पावलं आखूड, फरशीला घासणारी. भिंतीपाशी वळताना ती पोर एकदम वळली नाही. कपाट सरकवावं तशी तुकड्या-तुकड्याने वळली. अण्णा शेवटी शेवटी असेच वळायचे ना, बाल्कनीच्या दाराशी? मी हाक मारणार होते. तेवढ्यात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "हुबेहूब आजी!" म्हणाले. टोळ वाकून सलाम करत होती बिचारी.

बाईंनी मात्र टाळी वाजवली नाही. जवळ येऊन विचारलं, "पुष्कळ वर्षं कुणाच्या पावलाला पाऊल लावून चालला होतात का?" म्हटलं, वडिलांच्या. ते होते तोवर रोज संध्याकाळी कोपरात कोपर अडकवून चौकापर्यंत. त्या म्हणाल्या, "मग राहतं ते अंगात. सोबतीचं वळण लागतं." तुला सांगते, मला इतकं बरं वाटलं की त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. यावर निबंध लिहायला सांगितला, तोही लिहिला. वर्गात वाचून दाखवला तेव्हा दोघी रडल्या. मीही माझ्याच निबंधावर विश्वास ठेवला. का नाही ठेवायचा? चांगला लिहिला होता.

तेव्हापासून रोज हात हलवायचा सराव करते. लक्ष ठेवलं की हात हलतो. लक्ष गेलं की पुन्हा वर्तमानपत्र काखेत. सोबतीचं वळण असतं तर एव्हाना थोडं तरी सैल झालं असतं, नाही का? पण तू गणिताची मास्तरीण. तू म्हणशील, उत्तर आवडलं म्हणून बरोबर ठरत नाही.

डॉक्टरकडे गेलेले नाही. ओरडू नकोस. अण्णांच्या कंपवाताच्या तपासणीला मीच होते त्यांच्याबरोबर. बोटं एकमेकांवर टिचकवायला सांगतात, खुर्चीतून उठवतात, वळवून आणतात. तिथे हात जोडून बसलेल्या अण्णांचा चेहरा मला अजून दिसतो. मला नाही बसायचं त्या खुर्चीत. आत्ता कुठे, इतक्या वर्षांनी, शरीर आपलं आहे असं वाटायला लागलं होतं गं. आत्ताच कुठे!

लिहून टाकलं. आता हे पत्र टाकीन की फाडीन, माहीत नाही. एक मात्र डोक्यात आहे. सुट्टीत मी येईन तेव्हा तू फाटकाशी उभी राहा. पुढे येऊ नकोस, पिशवी घ्यायला धावू नकोस. मी कोपऱ्यावरून चालत येते, तू फक्त बघ आणि काय ते सांग. उभ्या जन्मात तू कुणाची भीड ठेवली नाहीस. तू 'वळण आहे' म्हणालीस तर मी ते मानीन.

मंगळवार

पत्र फाडलं नाही. आज थंडी कडाडली म्हणून पार्सल फोडलं.

कोट चांगला आहे. रंग तुझ्या आवडीचा, म्हणजे शाळेच्या गणवेशाचा. बाहेरून मोठी काळी बटणं. मी पहिलं बटण काजात घालायला गेले तर काजच नाही. बटणं नुसती वर टाचलेली, शोभेला. आत टिचबटणं.

दुकानातून असा कोट येत नाही, ताई. वाकडा टाका मी ओळखते. शिवणकामात तुला शाळेत शून्य होतं. असा कोट तू आयुष्यात एकदाच शिवला आहेस, अण्णांची बोटं बटणाशी झटापट करायला लागली तेव्हा.

मी पलंगावर बसले. मग आठवलं. उन्हाळ्यात तू इथे आली होतीस, तेव्हा आपण दोघी जिना चढलो. मी पुढे, तू मागे. एरवी पायरीपायरीला कुरकुरणारी तू, वर येईपर्यंत अक्षर बोलली नाहीस. मला वाटलं, दम लागला असेल.

म्हणजे टोळच्या आधी तू बघितलंस. एवढे दिवस पोटात ठेवलंस! मला आधी राग आला, असा राग आला की कोट भिरकावला. तू? लग्नाच्या मांडवात नवऱ्याला "तुमचा हिशेब चुकतोय" म्हणणारी तू? मग लक्षात आलं. अण्णांना तूच पहिल्यांदा म्हणाली होतीस, "अण्णा, हात हलत नाही तुमचा." त्यानंतर कितीतरी दिवस ते घराबाहेर पडले नाहीत. ते तू विसरली नाहीस. म्हणून मला सांगायच्या ऐवजी एकटी बसून बोटांना सुया टोचून घेत टिचबटणं लावलीस. वेडे, किती रडली असशील.

कोट उचलून घातला. उजव्या हाताने पट पट पट लागतो. ऊब छान आहे.

आता फाटकाशी उभी राहायची गरज नाही. सुट्टीपर्यंत थांबूही नकोस, या आठवड्यातच ये. नर्सने डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवली आहे. मी आजच तिला सर्दीचं खरं काय ते सांगितलं, की सर्दी नव्हतीच, अण्णांसारखा मलाही वास येईनासा झालाय. बाईंनाही उद्या सांगीन. विभाग मी सोडणार नाही, त्यांनी काढलं तर बघू. हळू कसं हलायचं ते शिकवणारी दुसरी जागा कुठे आहे?

तपासणीच्या दालनापर्यंत लांब बोळ आहे म्हणे. तिथे माझ्या मागून चालू नकोस. डावीकडून चाल, आणि कोपरात कोपर अडकव. माझं पाऊल तुला लागलं तर लागू दे.

खालची सही बघ. अक्षर आपोआपच बारीक होतंय, पण मन लावून काढली की अजून मोठी येते.

तुझी,
धाकटी