बोटीच्या तळाला माझं बोट

ती. आत्यास वाकून नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? रक्तदाबाची गोळी घेतलीस ना? (नसशील तर आधी घे, मग पुढे वाच.) तुझी बोट तरंगते आहे, हे अगोदरच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचताना तुला तसं वाटणार नाही.

केबिनमधली जमीन कुजून पायाखाली खचायला लागली म्हणून तू ती बदलायला सांगितलीस. जुन्या फळ्या मी उचकटल्या, तळ कोरडा केला आणि नव्या बसवायला घेतल्या. जरा जाडच आणल्या. मदतीला बायको आणि तिचे वडील. सासरे लग्नापासून माझ्याशी थेट बोलत नाहीत, हे तुला ठाऊक आहेच. (जेवताना मी शेजारी असलो तरी लेकीला म्हणतात, "त्याला सांग, मीठ सरकव.")

बायको स्क्रू आणायला धक्क्यावर उतरली. वाऱ्याने हातातला पेपर उडायला लागला म्हणून सासऱ्यांनी दार लावून घेतलं. मी त्या दाराला अगदी चिकटून एक फळी गोंद लावून, खिळे ठोकून पक्की केली. दार आतल्या बाजूला उघडतं आणि फळी त्याच्या खालच्या कडेपेक्षा उंच आहे, हे आम्हाला कळलं तेव्हा मधल्या, अजून फळ्या न बसवलेल्या जागेत माझं ड्रिल सटकून थेट तळातून आरपार गेलं होतं.

कारंजं उडालं गं! मी भोकात बोट खुपसलं. सासऱ्यांनी दार ओढलं, ते हलेना. गोल खिडकीतून त्यांचा एक हात तेवढा बाहेर गेला. तो त्यांनी जिवाच्या आकांताने हलवला. धक्क्यावरून बायकोनेही हसून हात हलवला आणि ती दुकानाकडे गेली.

माझं बोट बधिर झालं, तरी कडेने पाणी येतच होतं. सासरे भिंतीकडे बघून म्हणाले, "कुणीतरी आहे तसंच बसावं." मी म्हटलं, "बाबा, फार वेळ जमणार नाही." तेव्हा ते वळले, माझ्या डोळ्यांत बघून ओरडले, "बोट काढू नका!" लग्नानंतर माझ्याशी बोललेलं हे त्यांचं पहिलं वाक्य.

मग त्यांनी आपली काठी उचलली. सासूबाईंनी दिलेली. त्या गेल्यापासून तिला कुणी हात लावलेला त्यांना खपत नाही. ती त्यांनी बाकावर आडवी धरली, करवत घेतली आणि टोक कापलं. मी दुसरीकडे बघत राहिलो. टोक तासून त्यांनी माझ्या बोटाशेजारी धरलं. "आता," म्हणाले. मी बोट काढलं, त्यांनी हातोडा घातला. पाणी थांबलं. मग मी पहारीने दाराजवळची फळी उपटली. बायको स्क्रू घेऊन परतली तेव्हा आम्ही दोघं ओलेचिंब बाकावर बसलो होतो. "काय झालं?" तिने विचारलं. सासरे म्हणाले, "काही नाही. आम्ही बोलत होतो."

तुझा आज्ञाधारक
भाचा

ता. क. बोट काठावर ओढून सुताराकडून भोक नीट बुजवून घेतलंय. दार खालून तासलं. जमीन देखणी झाली आहे.

आणखी एक ता. क. खरं काम हे. बोट बघायला गिऱ्हाईक येणार आहे म्हणालीस. त्याला नको म्हण ना. सासरे रोज सकाळी चपला बाहेर काढून नव्या जमिनीवर जाऊन बसतात आणि जाताना मला हाक मारतात. गिऱ्हाईकाला कारण काय द्यायचं, असा प्रश्न पडला तर तळाला भोक पडलं होतं म्हणून सांग. खोटं बोलायला नको.