तोवर आपला संघ घरी बसलेला असेल

सुआनो, २४ नोव्हेंबर

चि. अराबा हिस दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू कुमासीला सुखरूप पोचलीस हे कळलं, बरं वाटलं. आई गेल्याच्या आठवड्याचा विधी आटोपून तू गेलीस, त्यानंतरच्या रविवारी कुळाची बैठक बसली. कोबिनामामांनी कुळप्रमुख म्हणून निकाल दिला तो कळवतो. आईला फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी माती द्यायची. तोवर ती शवागारात राहील.

उशीर का, तर गावातले सगळे मांडव आणि प्लास्टिकच्या खुर्च्या फुटबॉल स्पर्धेच्या लोकांनी आत्तापासून अडवून ठेवल्यात. आपल्या नव्या स्टेडियमवरचे सामने जानेवारीअखेर संपतील, मग खुर्च्या मोकळ्या. पुढचे दोन-चार सामने राजधानीतच व्हायचेत. मामांनी मला विचारलं, की त्या शनिवारी उपांत्य सामना आहे म्हणतात, नेमका आपलाच संघ त्यात निघाला तर? मला हसू आलं. मी त्यांना म्हटलं, मामा, तोवर आपला संघ घरी बसलेला असेल. शाळामास्तर सांगतोय म्हटल्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या आणि तारीख ठरली.

स्टेडियमबद्दल मी वर्तमानपत्राला पुन्हा लिहिलंय. महामार्गापासून स्टेडियमपर्यंत डांबर आरशासारखं, आणि तिथून पुढे आपल्या बाजारापर्यंत तेच खड्डे. सूतिकागृहाची रस्त्याकडची भिंत रंगवली, आत मात्र एका खाटेवर दोघी बायका. कुणाच्या बापाचा पैसा हा?

बाकी ठीक. दादावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
एबो

कुमासी, ३ डिसेंबर

ती. एबोदादास शि. सा. न.

पत्र वाचलं आणि खानावळीत रश्शाचं पातेलं करपलं. दहा आठवडे, दादा? आईचा सगळा जन्म मासे धुरवायच्या चुलीपाशी गेला. गार पाणीसुद्धा तिला चालायचं नाही, माठ उन्हात ठेवायची. शेवटच्या दिवसांत माझा हात धरून तिने एकच मागितलं होतं, की मला त्या बर्फाच्या पेटीत ठेवू नका गं. मी हो म्हटलं होतं. आता रात्री पांघरूण घ्यायची मला लाज वाटते.

येत्या शनिवारी देऊ या ना माती. चर्चमधली चार बाकडी आणू, तू, मी, मामा, शेजारपाजार. सरकार पाहुण्यांसाठी भिंती रंगवतं म्हणून तू वर्तमानपत्रात कागद काळे करतोस, आणि घरचा तूच दुसरा क्रीडामंत्री झालास की! खरं सांग, घराला रंग काढलास की नाही?

रागावू नकोस. धाकट्या बहिणीचं बोलणं समजून पोटात घाल.

तुझी,
अराबा

सुआनो, १५ डिसेंबर

चि. अराबा हिस आशीर्वाद.

काढलाय रंग. फक्त पुढच्या भिंतीला. मांडव तिकडेच पडणार, मागे कोण बघतंय?

तुझं दुःख मला कळत नाही असं नाही. पण चार बाकड्यांवर आईला पुरलं, तर उद्या गाव म्हणेल, मास्तरने आईला कोंबडीसारखी परसात पुरली. अर्ध्या गावाला तिने मासे खाऊ घातले, त्यांना हात हलवत परत पाठवू? मामांना विचारून पाहिलं. ते म्हणाले, कुळाची बैठक काही दोनदा बसत नाही.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली. स्टेडियमचे दिवे पहिल्यांदा लावून पाहिले, तेव्हा आई ओट्यावर बसली होती. मी तावातावाने तिला दवाखान्यातल्या अंधाराचं सांगत होतो. तिने माझं सगळं ऐकून घेतलं, आणि दिवे लागल्यावर टाळ्या वाजवल्या. मी चिडलो, तर म्हणाली, की तुझं खरंच आहे रे बाबा, पण दिसतंय किती छान! असल्या माणसांशी काय वाद घालायचा?

घरातल्या सर्वांना जप.

एबो

कुमासी, २५ जानेवारी

ती. दादास शि. सा. न.

इथे सगळ्यांना वेड लागलंय. तांदूळ महागला म्हणून जी बाई सकाळी स्पर्धेला शिव्या घालते, तीच संध्याकाळी गालावर झेंडा रंगवून माझ्याकडे जेवायला येते. माझं म्हणशील तर, तुझं पटतं आणि रोज दोन पातेली जास्तही चढतात. कुणाच्या बाजूने बोलू?

पण दादा, आपली पोरं जिंकतायत रे! आणखी एक सामना मारला, तर तुझ्या शनिवारी मैदानात तीच. मला हसू येतं आणि मग आई आठवते. मामा काय म्हणतात?

मी शुक्रवारच्या गाडीने निघते. तिच्या पेटीला खांदा माझाही.

अराबा

सुआनो, २९ जानेवारी

चि. अराबा हिस आशीर्वाद.

जिंकले. काल रात्री गाव रस्त्यावर नाचत होतं आणि मी दार लावून आत बसलो होतो. मामा माझ्याशी बोलत नाहीत, नुसते बघतात. वाण्याने भर दुकानात विचारलं, की मास्तर, पुढचं भाकीत कधी?

आता मागे फिरणं नाही. भिंतीभिंतींवर आईच्या फोटोचे कागद लागलेत, मातीला घालायचे काळ्या-पांढऱ्या कापडाचे कपडे शिवून झालेत, पाद्री ठरलाय. तू मात्र नक्की ये. निदान तू.

दादा

सुआनो, ३ फेब्रुवारी

चि. अराबा हिस आशीर्वाद.

तू आली नाहीस. गाडी चुकली असणार, म्हणून आधी सगळं लिहितो, मग रागावेन.

मांडवात तीनशे खुर्च्या मांडल्या होत्या. बसलेलो आम्ही नऊजण. ढोलवाले तोंड दाखवून पसार झाले. पाद्रीबुवांनी प्रार्थना अशी भराभर उरकली, की देवालाही धाप लागली असेल. पेटी उचलायला माणसं कमी पडली, तेव्हा म्हाताऱ्या मामांनी खांदा दिला. माझी मान खाली. दिखाऊ स्टेडियमवर मी इतके कागद खरडले, आणि माझ्या दारी माझंच रिकामं स्टेडियम उभं होतं.

दफनभूमीत खड्डा खणणाऱ्यांचा रेडिओ चालू होता. मी बंद करा म्हणालो नाही. पेटी दोरांवरून खाली उतरत होती आणि गोल झाला. अराबा, कुणाला सांगू नकोस. मी ओरडलो. दोन्ही हात वर करून, आईच्या खड्ड्याच्या काठावर. मग मामांकडे पाहिलं, तर त्यांचेही हात वर होते.

पुढे आपण हरलो, ते तुला माहीतच आहे. माझं भाकीत थोडं उशिरा खरं झालं. घरी आलो आणि डोकं धरून बसलो. अंधार पडायला लागला, तशी माणसं येऊ लागली. एकेक, मग घोळक्याने, गालावरचे रंग ओघळलेली. हरलेल्या गावाने जायचं तरी कुठे? मांडव तेवढा एकच होता. सगळ्या खुर्च्या भरल्या, लोक उभे राहिले. रडणं असं पेटलं की मामा थक्क झाले. त्यातलं सामन्याचं किती आणि आईचं किती, मी विचारलं नाही. मग मासेवाल्या बायकांनी तिची चुलीपुढची गाणी धरली, तेव्हा मात्र ते सगळं तिचंच होतं.

तू हवी होतीस गं.

दादा

कुमासी, ९ फेब्रुवारी

ती. दादास शि. सा. न.

गाड्याच नव्हत्या. शुक्रवारी दुपारपासून स्थानकावर गाठोडं घेऊन बसले होते, पण सगळ्या गाड्या माणसं भरून राजधानीकडे पळत होत्या. रात्र तिथेच काढली, शनिवारही तिथेच गेला. काळे-पांढरे कपडे अंगावर होते.

स्थानकातल्या टीव्हीवर गोल झाला. मीही ओरडले, दादा. शेजारच्या अनोळखी बाईने मला उचललंच. खाली ठेवल्यावर तिने माझे कपडे पाहिले आणि विचारलं, की आज कुणाला माती द्यायची आहे? मी गाठोड्यात तोंड खुपसलं. त्या बाईने सामना सोडला आणि माझ्याजवळ बसून राहिली.

आईला दिलेला शब्द माझ्याकडून पाळला गेला नाही. आता एवढंच कळव, ती आहे तिथे ऊन येतं का?

अराबा

सुआनो, १७ फेब्रुवारी

चि. अराबा हिस आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यावर सकाळी गेलो आणि दुपार टळेपर्यंत तिथे बसून राहिलो. येतं. भरपूर येतं, झाड नाही की भिंत नाही. माझीच टाळू भाजली.

तिथून स्टेडियमचे दिवेही दिसतात. सध्या बंद आहेत.

दादा