एक तुकडा कमी

३ मार्च, सकाळ
आजपासून नियमित रोजनिशी. मोठ्या माणसांच्या असतात, आणि मी लवकरच मोठा होणार आहे. आमच्या जिगसॉ पझलच्या कंपनीत 'कम्युनिटी हेड' अशी नवी पोस्ट निघालीय. काचेची केबिन, दारावर नाव! मॅनेजर म्हणाले, शहरात पझलवेड्यांचा क्लब आहे, तो आपल्याकडे वळवून दाखवा, मग बोलू. म्हणजे फक्त बोलायचंच बाकी आहे.

त्याच दिवशी, संध्याकाळ
सासूबाई त्याच क्लबच्या जुन्या मेंबर. आमच्या जेवणाच्या टेबलावर त्यांच्या पझलमधला दीपस्तंभ अर्धवट उभा आहे आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतो. ही म्हणाली, आईला विचारा ना. मी नुसता हसलो. गिऱ्हाइकाला विचारून कुठे मार्केटिंग होतं का?

५ मार्च
क्लबच्या बैठकीला गेलो. रिसर्च. हॉलभर टेबलं, त्यांवर ओणवी माणसं, कोणी कोणाशी बोलत नाही. एका निवृत्त दंतवैद्यांचा किल्ला पूर्ण होत आला होता. शेवटचा तुकडा बाजूलाच पडलेला. त्यांना दिसला नसावा म्हणून मी चटकन उचलून बसवून टाकला. टाळ्यांऐवजी सगळ्या माना वर झाल्या. दंतवैद्य बाहेर जाऊन पाठमोरे उभे राहिले. भरून आलं असेल. येताना सासूबाईंनी वेगळी रिक्षा केली.
निष्कर्ष : या लोकांचा सगळा जीव शेवटच्या तुकड्यात.

६ मार्च
आयडिया सुचली! प्रत्येक नव्या खोक्यातून एक तुकडा आधीच काढून ठेवायचा. आत चिठ्ठी : 'शेवटचा तुकडा आमच्या दुकानात!' गिऱ्हाईक धावत येणार. मॅनेजर सुट्टीवर आहेत. सरप्राइज देऊ.

९ मार्च
गोडाऊनवाले विचारतात, कोणता तुकडा काढू? म्हटलं, कोणताही. आणि काढलेले? सगळे एका पोत्यात. किती शंका काढतात!
व्यायाम उद्यापासून.

१६ मार्च
माल हातोहात खपला. सासूबाईंनीही मोराचं खोकं आणलं. मी मिशीतल्या मिशीत हसलो.

२१ मार्च
रिस्पॉन्स तुफान! दुकानाबाहेर रांग, प्रत्येकाच्या फोनमध्ये आपापल्या भोकाचा फोटो. सेल्समन पोत्यात हात घालून येईल तो तुकडा देतोय. एका बाईंना समुद्राच्या जागी गाईचं शिंग मिळालं. त्यांनी ते काउंटरवर आपटलं. पॅशन म्हणतात ती हीच.

२२ मार्च
मोराला डोळा नाही. सासूबाई जेवल्या नाहीत, म्हणून ही जेवली नाही, म्हणून मला वाढलं नाही. मॅनेजर सुट्टी अर्धवट सोडून परतले. ओरडले. सगळी खोकी परत आली तर नोकरी जाईल म्हणाले. बहुधा कंपनीतल्या सगळ्यांनाच उद्देशून असावं.
खरं सांगायचं तर जुना बायोडेटा शोधून ठेवलाय.

२४ मार्च
सासूबाईंनी क्लबभर फोन फिरवले. आज अख्खा क्लब आपापली अपुरी चित्रं घेऊन आमच्या गोडाऊनमध्ये. पोतं जमिनीवर ओतलं. कोणी आकाश वेगळं करतंय, कोणी गवत. जुळला की आरडाओरडा. मी मदतीला वाकलो, तर दंतवैद्यांनी हात मागे बांधून उभं राहायला सांगितलं. संध्याकाळी मोराला डोळा मिळाला आणि सासूबाई लहान मुलीसारख्या हसल्या. जाताना लोक मॅनेजरांना विचारत होते, असं पुन्हा कधी?
वळला की नाही क्लब? उद्या सकाळी मीटिंग. नवा शर्ट इस्त्री करून ठेवलाय.

२५ मार्च
मॅनेजर म्हणाले, कम्युनिटी हेडचं नाव ठरलंय. मी उठून उभा राहिलो, थँक यूसुद्धा म्हणून झालं. तेवढ्यात दार उघडून सासूबाई आत आल्या. पोस्ट त्यांना.
मला खरं तर आजच काढणार होते. सासूबाईंनी अट घातली : जावयांना ठेवत असाल तरच मी येते, मात्र त्यांना खोक्यांना हात लावू द्यायचा नाही. त्यांनी हे सगळ्यांसमोर सांगितलं. वाईट वाटलं. नोकरी वाचली म्हणून बरंही वाटलं, आणि त्याचं जास्त वाईट वाटलं.
आत्ता ही विचारून गेली, उद्यापासून दोघांचा डबा एकत्रच भरू का? म्हटलं, साहेबांना विचार.