नदीकडची खिडकी

आई, आपलं नदीकाठचं घर शेवटी यादीत आलं. आपलं म्हणजे त्या कापसाच्या व्यापाऱ्याचं. आपण मागच्या दोन खोल्यांत भाड्यानं होतो, पण घरमालकीण समोर बसलेली असली तरी तू बिनधास्त ‘आमचं घर’ म्हणायचीस आणि ती बिचारी हसून ऐकून घ्यायची. तू गेलीस तेव्हा मी अजून कागदावर नकाशे काढत होते, त्यामुळे आता काय करते ते तुला सांगायलाच हवं. जुनी घरं मोजून आम्ही ती कॉम्प्युटरवर जशीच्या तशी उभी करतो. उद्या खरं घर पाडलं तरी यातल्या घरात दारातून शिरून माडीपर्यंत फिरता येतं. तू म्हणाली असतीस, “म्हंजे राहाले कोनी नाही अन् झाडलोट कराले बी नाही. बरं हाये.”

या वेळी सौसर-पांढुर्ण्याकडची चारच घरं निवडायची होती. सौसरच्या बाजारातलं कमानींचं, रामाकोन्याचं मालगुजाराचं आणि पांढुर्ण्याच्या आपल्या पेठेतलं एक, ही तीन लगेच ठरली. चौथ्यासाठी आपलं घर समोर आलं. सागवानी खांब, माडीचा कोरीव कठडा, नाकारण्यासारखं काहीच नव्हतं. तरी मी ते दोनदा खोडलं. कारण लिहिलं, ‘मागची बाजू मोजता येत नाही.’ आमच्या ऑफिसातली नवीन मुलगी जाऊन आली आणि म्हणाली, “मॅडम, येते की मोजता. मी मोजून आले.” चांगलं काम करणाऱ्या माणसांचा असा राग येतो कधीकधी. मग मला जावंच लागलं. स्वयंपाकघरात उभी राहिले. नदीकडच्या खिडकीवर बाबांनी ठोकलेल्या दोन फळ्या अजून तशाच आहेत, खिळे गंजून लाकडात विरघळले आहेत. खिडकी मोजताना माझा टेप दोनदा सुटला.

ती खिडकी म्हणजे तुझं माहेर. मधे जाम नदी आणि पलीकडे सावरगाव. सकाळी चहाचं आधण ठेवून तू पहिल्यांदा तिकडे पाहायचीस. आजीचं लुगडं अंगणात वाळत दिसलं की म्हणायचीस, “उठली माही माय,” आणि मग कामाला लागायचीस. रोज. लुगडं उशिरा दिसलं तर त्या दिवशी भाजीत मीठ कमी-जास्त ठरलेलं. तेव्हा मी सातवीत होते, पंच्याऐंशीच्या आसपासची गोष्ट. वर्षातला एकच दिवस ती खिडकी बंद असायची, पोळ्याचा दुसरा दिवस, गोटमारीचा. नदीच्या मधोमध झेंडा, या काठावर आपले, त्या काठावर सावरगावचे, आणि झेंड्यासाठी एकमेकांवर दगड. बाबा सकाळीच खिट्टी लावून बजावायचे, “कोनी हात लावाचा नाही.” तू तोंड मिटून असायचीस. तुझा भाऊ त्या काठावर आणि नवरा या काठावर, बोलणार तरी काय!

मला एवढंच पाहायचं होतं की मामा खरंच दगड मारतो का. एरवी संत्री सोलून, बिया काढून फोडी हातावर ठेवणारा मामा. तू परातीत कणीक मळत आहेस, तुझी पाठ माझ्याकडे आहे. मी खिट्टी सरकवते. काठावर नुसती डोकी दिसतात, त्यात मामा कुठला, कळत नाही. तू वळतेस, ओरडतेस, “काऊन वो, पोरी!” आणि मला कमरेशी धरून मागे खेचतेस. त्याच क्षणी दगड आत येतो आणि पाण्याच्या पितळी गुंडावर आदळतो. बाबा बाहेरून धावत येतात. मी तोंड उघडायच्या आत तू म्हणतेस, “मीच उघडली. धूर झालता.”

बाबा त्या दिवशी बोलले ते मी विसरले नाही. “त्या काठाचा लई पुळका हाये तुले. पोरीचं डोकं फुटलं असतं मंग?” घरमालकीण दारात उभी होती, तिच्यामागे शेजारच्या दोघी. तू कणीक मळत राहिलीस. संध्याकाळी फळ्या ठोकल्या गेल्या, त्या आपण तिथे होतो तोवर निघाल्या नाहीत. दोन वर्षांनी आजी गेली. तिचं लुगडं आठ दिवस वाळत पडलं नव्हतं, पण ते तुला दिसणार कुठून! निरोप घेऊन माणूस दारात आला तेव्हा तू भांडी घासत होतीस. त्या दिवशीही मी काही बोलले नाही. आई, मला तेव्हा बोलायला हवं होतं.

परवा मॉडेल पूर्ण झालं. बाबा हल्ली माझ्याकडेच असतात, नागपूरला. त्यांना घरभर फिरवून आणलं. स्वयंपाकघरात आल्यावर म्हणाले, “खिडकी उघडी कशी?” मग मी सांगून टाकलं, त्या दिवशी ती मी उघडली होती. इतक्या वर्षांचं ओझं दोन वाक्यांत संपलं, त्याचंच जरा हसू आलं. बाबांनी चष्मा पुसला.

“मले मालूम हाये,” ते म्हणाले. “तुही माय कनीक मळून राहिली होती. तुह्या फ्राकवर तिची पाची बोटं उमटली होती पिठाची. अन् खिट्टी कोरडी होती, पिठाचं बोट बी नव्हतं तिले.”

मी चिडले. म्हटलं, “मग तिला का बोललात? चारचौघींत?”

ते पडद्यावरच्या खिडकीकडे पाहत म्हणाले, “तिनं सोतावर घेतलं. मंग तिच्यासमोर तुले कसा धरू? फळ्या तं ठोकल्याच असत्या मी. पन ते पुळक्याचं बोलाले नव्हतं पाहिजे.” त्यांनी कधी फळ्या का काढल्या नाहीत, ते मी विचारलं नाही.

मॉडेलमधलं घर एका ठरलेल्या दिवसाचं दाखवावं लागतं. मी पोळ्याची सकाळ निवडली आहे, दगडांच्या आधीचा दिवस. पुरणपोळ्यांची कणीक भिजलेली, गुंडाला पोचा नाही, खिडकी सताड उघडी. पुराव्याशिवाय काहीही घालायचं नाही, हा आमच्या कामाचा नियम आहे आणि मी इतरांना त्यावरून फार बोलते. तरी खिट्टीवर मी चिमूटभर पीठ ठेवलं आहे. ते कोणाला दिसणार नाही इतकं बारीक आहे. बाबांनाही दाखवलेलं नाही.