एकोणीस सेकंदांच्या कडव्याबाबत

मी, खाली सही करणारी, वय बत्तीस, ध्वनिमुद्रण अभियंता, हा दस्त कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मर्जीने आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. गुरुवारी माझ्या डाव्या कानामागची गाठ काढणार आहेत. धोका हजारात चार, असे डॉक्टर म्हणाले. चार म्हणजे शून्य नव्हे, म्हणून हे मृत्युपत्र. बुद्धी शाबूत असल्याचा त्यांचा दाखला जोडला आहे, पाचवे कलम वाचताना कोणाला शंका येऊ नये म्हणून.

१. राहते घर भाड्याचे आहे. त्यातले सामान थोरल्या बहिणीला. कपडे धुण्याचे मशीन पिळताना सरकते. त्याच्या एका पायाखाली पुठ्ठा आहे, तो कचरा समजून फेकू नये. बँकेतली शिल्लक आईला. या मृत्युपत्राची अंमलबजावणी ताईने करावी, कारण ती कोणाचे ऐकत नाही.

२. स्टुडिओतला माझा अर्धा हिस्सा आणि सर्व मायक्रोफोन भागीदाराला. "तू मेल्यावर तरी मला त्या मोठ्या स्पीकरला हात लावू देशील ना?" असे तो नेहमी विचारतो. हो.

३. कॉलेजातल्या ज्या सरांनी "केबल मुलींना गुंडाळायला द्या, त्या टापटिपीच्या असतात" असे भर वर्गात सांगितले, त्यांना वीस मीटरची एक केबल द्यावी. गुंता करून.

४. माझे मामा, आईचे थोरले भाऊ, वय अठ्ठ्याहत्तर, पन्नास वर्षे डफावर लोकगीते गात आले आहेत. गेल्या वर्षी त्यांनी रंगाच्या कारखान्यातल्या आगीवर नऊ गाणी रचली. त्या आगीच्या वेळी दाराला बाहेरून कुलूप होते आणि आत अकरा माणसे होती. गाणी मी मुद्रित केली. अल्बम निघाल्यावर एका वर्तमानपत्राच्या समीक्षकांनी लिहिले: "चौथ्या गाण्यात गायक एकोणीस सेकंद गप्प राहतो. नुसता डफ. निषेधाचे इतके धाडसी मौन मी ऐकलेले नाही." एका मासिकातल्या समीक्षक बाईंनी लिहिले: "वयोमानाने कडवे विसरले असावेत. ती विस्मृती न लपवणे, हाच या अल्बमचा प्रामाणिकपणा." दोघांनीही पाचपैकी पाच तारे दिले. दोघांना या दस्ताची एकेक प्रत पाठवावी. मौन एकोणीस नव्हे, अठरा पूर्णांक सहा सेकंदांचे आहे. आणि ते मामांचे नाही, माझे आहे.

५. त्या जागी एक कडवे होते. कुलूप लावायला सांगणाऱ्या मालकाचे आणि चौकशी गुंडाळणाऱ्या मंत्र्याचे नाव त्यात होते. मामांनी ते पहिल्याच खेपेला, एकही शब्द न चुकता गायले. नंतर मी ते काढले. मामा गाता गाता वाजवतात, त्यामुळे डफाच्या मायक्रोफोनमध्येही त्यांचा आवाज उतरतो. म्हणून दोन कडव्यांमधले नुसते ठोके उचलून तिथे जोडले. जोड ऐकू येत नाही. माझ्या हातून झालेले ते सर्वांत सफाईदार काम आहे. मला कोणी धमकावले नव्हते. फोन नाही, नोटीस नाही. धमकी येईल असे मला वाटले, एवढेच.

मामा आपले मुद्रण कधीच ऐकत नाहीत. "गाऊन झालं, आता ते तुमचं," म्हणतात. त्यामुळे त्यांना कळणार नाही, असा माझा हिशेब होता. ते परीक्षणे वाचतात, हे मी विसरले.

गेल्या रविवारी मामी फोनवर म्हणाल्या, "अगं, यांनी तीन कार्यक्रम परत केले. म्हणतात, मेंदू गंजला. रोज सकाळी उठून तेच कडवं वहीत लिहितात." त्या बाईंचे 'विसरले असावेत' मामांनी खरे मानले होते. सगळ्या जगाने वाहवा केली आणि घरात हा माणूस स्वतःला तपासत बसला होता.

मूळ, न कापलेले मुद्रण मामांना द्यावे. माझ्या पश्चात.

पुरवणी, हाताने लिहिलेली:

आज वरचा मजकूर मामांच्या स्वयंपाकघरात बसून त्यांना वाचून दाखवला. पाचवे कलम संपले.

"म्हणजे मी गायलो होतो?" मामांनी विचारले.

"हो. पूर्ण."

"चार महिने, पोरी. चार महिने रोज उठल्यावर बघतोय, बायकोचं नाव आठवतंय का."

मामी म्हणाल्या, "तरीच उठल्या उठल्या मला नावाने हाक मारायचे! मला वाटलं, म्हातारपणी प्रेम उतू चाललंय."

मामा हसले नाहीत. "आणि हे तू मेल्यावर मला देणार? अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मी तुझ्या मरणाची वाट बघत बसू?"

मी लॅपटॉप उघडला. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी पूर्ण गाणे अल्बमच्या प्रकाशकांना आणि दोन्ही समीक्षकांना पाठवले. कडवे कोणी कापले, तेही माझ्या नावानिशी लिहिले. मामांना ऐकवू का विचारले. त्यांनी मान हलवून नको म्हटले आणि टेबलावर बोटांनी ठेका धरून कडवे गायला सुरुवात केली. तिसऱ्या ओळीला अडखळले. मला शब्द माहीत होता. मी सांगितला नाही. ठेका चालू राहिला, आणि शब्द त्यांनी स्वतः आणला.

मला माफ केले का, हे मी विचारलेले नाही.

कलम ५ मधील वस्तू हयातीतच दिली असल्याने ते कलम रद्द समजावे. कलम ४ मधील प्रती मात्र पाठवाव्यात. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते, त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलबाईंनी सांगितले होते. मामांना आता माझ्याकडून काहीही मिळत नाही. "आण इकडे पेन," असे ते स्वतःहून म्हणाले.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार पहिले: (सही) आईचे थोरले भाऊ, गायक
साक्षीदार दुसऱ्या: (सही) त्यांच्या पत्नी, सहीखाली आपले पूर्ण नाव त्यांनी ठळक अक्षरांत लिहिले आहे, "यांच्यासाठी"

ठिकाण: मामांचे स्वयंपाकघर
दिनांक: रविवार, शस्त्रक्रियेला चार दिवस बाकी