न खेळलेली आगगाडी

बारामती
२२ ऑगस्ट १९९९

प्रिय दादा,

नमस्कार. इकडं सगळ्यांचं बरं चाललंय. तू, वहिनी आणि श्रेया ठीक असाल असं धरून चालते, कारण मागच्या फोनवर तू घाईत होतास आणि मला काही विचारताच आलं नाही.

आमच्या ह्यांच्या, म्हणजे तुझ्या दाजींच्या, कॉम्प्युटर क्लासमध्ये एकदाचं इंटरनेट आलं. फोनची लाइन जोडली की मशीन आधी बराच वेळ किरकिरतं, मग कुठं एखादं पान उघडतं. पोरं रांग लावून बसतात. मी पिंपळीच्या शाळेतून येताना क्लासवर डोकावते आणि तुझं अमेरिकेतलं गाव नकाशात कुठं दिसतं ते शोधते.

रविवारी कळंबला आईकडं गेले होते. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिला आता बऱ्यापैकी दिसतं. सुईत दोरा स्वतः ओवते आणि मला मुद्दाम दाखवते. घरात एकटीच असते, पण तक्रार नाही. आबा गेल्यापासून रेडिओ मात्र दिवसभर चालू ठेवते.

तिनं पुन्हा चावीच्या आगगाडीचं विचारलं. मागच्या दिवाळीला तू दुरुस्तीला नेलीस त्याला आता वर्ष होत येईल. आपला समर्थ गेला त्या तिथीला ती दरवर्षी गाडी काढून, पुसून, एकदा चावी देऊन चालवायची, हे तुला माहीतच आहे. यंदा तिथीला रिकाम्या कोनाड्यासमोर बसली होती. म्हणाली, "शंभूला इचार, स्प्रिंग गावली का. माज्या हातानं तुटली तवापास्नं जिवाला लागून ऱ्हायलंय."

तू गेल्या पत्रात लिहिलं होतंस ते मी तिला वाचून दाखवलं. इंटरनेटवरच्या लिलावात तसलंच जर्मन इंजिन दिसलं, वर्णनात ‘उत्तम चालू’ असं लिहिलेलं, म्हणून तू आतल्या स्प्रिंगसाठी ते घेतलंस आणि आलं ते नुसतं पत्र्याचं पोकळ खोकं. दुसऱ्यांदाही तेच झालं. फोटो एकाचा, वस्तू दुसरीच. ऐकून आई म्हणाली, "असलं लिवणाऱ्याला घास कसा गिळवत आसंल?" मग म्हणाली, "शंभूला म्हणावं, सापडली न्हाय तरी चालंल. गाडी तेवढी परत आण."

तर तेवढं कळव. तिला काय सांगायचं ते मला सुचत नाही.

श्रेयाला आत्याचा गोड पापा.

तुझी,
योगिनी


बारामती
१७ ऑक्टोबर १९९९

प्रिय दादा,

तुझं उत्तर आलं नाही. कामात असशील.

निवडणुकीची ड्यूटी एकदाची संपली. मला वडगाव निंबाळकरचं बूथ आलं होतं. दोन दिवस घसा बसला. आईच्या घराची मागची भिंत ओल धरत होती, तिला गिलावा करून घेतला. शेजारच्या म्हस्कूतात्यांच्या नातवाचं लग्न ठरलं. मुलगी इंदापूरची आहे, नर्स आहे.

दादा, हे सगळं मी फोनवरही सांगितलं असतं. पत्र वेगळ्याच गोष्टीसाठी लिहायला घेतलंय आणि दोन वेळा कागद टाकून उठले.

तू दोनदा फसलास म्हटल्यावर मला वाटलं, आपणच शोधून बघू. एका संध्याकाळी पोरं गेल्यावर ह्यांना म्हटलं, ते लिलावाचं पान मला उघडून द्या. जुन्या चावीच्या जर्मन आगगाड्या, असं ह्यांनी इंग्रजीत टाकलं. यादी आली. मी एकेक नाव उघडून बघत होते. फोटो फार सावकाश येतात, वरून खाली, पडदा उतरल्यासारखे. एका फोटोत आधी काळं धुरांडं आलं. मग दोन तपकिरी डबे. मग हिरवा डबा, आणि त्याच्या अंगावर खिळ्यानं ओरखडलेली तीन अक्षरं. कळंब.

मी ह्यांना म्हटलं, दादाकडं चोरी झाली वाटतं. माझ्या मनात दुसरं काही आलंच नाही, हे तू लक्षात ठेव. ह्यांनी विकणाऱ्याचं नाव दाखवलं. त्यात तुझं नाव होतं आणि जन्माचं साल. खाली तुझं गाव.

मग त्यांनी वर्णन वाचून मराठीत सांगितलं. हिंदुस्थानातल्या एका संस्थानिकाच्या महालातली गाडी. राजपुत्रासाठी जर्मनीहून खास मागवलेली. इंजिन उत्तम चालू. डब्यावर राजघराण्याची मोहोर. आणि अगदी वर, ठळक अक्षरात, ‘न खेळलेली’.

किंमत अशी की तेवढ्यात इकडं नवी स्कूटर दारात उभी राहील. त्या वेळी कुणी बोली लावली नाही. मला हायसं वाटलं, की आता तू काढून घेशील. पुढच्या आठवड्यात पाहिलं तर पुन्हा लागलेली. तू किंमत उतरवली नव्हतीस, गोष्ट वाढवली होतीस. या खेपेला तिच्यात हत्तीही आला होता.

दादा, आबा कारखान्यातल्या जर्मन साहेबांची जीप चालवायचे. मशिनरी बसवून झाली, साहेब परत निघाले, तेव्हा सामानातून ही गाडी काढून त्यांनी आबांच्या हातात ठेवली. "तुमच्या आजारी मुलाला द्या," म्हणाले. आबा ती डोक्यावर घेऊन घरी आले, तेव्हा दारात तूच होतास. समर्थला खाटेवरून उतरायची परवानगी नव्हती. तू फरशीवर रूळ मांडायचास, चावी द्यायचास, गाडीमागं रांगायचास. तो वरून शिट्टी वाजवायचा. मी मधे आले की दोघं मिळून ओरडायचात. यातलं तू काय विसरलास?

मग मी एक केलं. क्लासच्या ई-मेल पत्त्यावरून तुला इंग्रजीत प्रश्न पाठवला, जणू कुणी परकं गिऱ्हाईक आहे. ज्या मुलासाठी ही गाडी आणली त्याचं पुढं काय झालं, एवढंच विचारलं. तुझं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. बहिणीच्या पत्राला दोन महिने लागतात, गिऱ्हाइकाला एक दिवस. असो.

तू लिहिलंस: ‘मुलगा मोठा झाला, शिकायला परदेशी गेला आणि खेळणं घरीच राहिलं.’

ते वाक्य मी स्वतः वाचलं. ह्यांना वाचू दिलं नाही. तुला खरं सांगू? रागाच्या आधी मला बरं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं. जगात कुठंतरी लिहिलं गेलं होतं की आपला समर्थ मोठा झाला. मी त्याला पँटशर्टात, हातात बॅग घेऊन, एसटीत चढताना पाहिलं. मग लक्षात आलं की तो समर्थ नाही. तो तू आहेस. तू त्याच्या खाटेवर स्वतःला बसवलंस आणि त्याला काढून टाकलंस.

आईला मी काही सांगितलेलं नाही. गाडी विक्रीतून काढ आणि स्प्रिंग तुटलेली असेल तशी परत पाठव. तुला अडचण असेल तर तीही सांग, मी ऐकेन. पण फोन कर.

वाट बघतेय.

योगिनी


बारामती
१२ डिसेंबर १९९९

दादा,

दिवाळीत तुझा फोन आला, त्यानंतर मी मुद्दामच लिहिलं नाही. तू म्हणालास, "योगे, ती गेली. तुझं पत्र मिळायच्या आधीच गेली. टेक्सासचा कुणी व्यापारी होता." मी का विकलीस म्हणून विचारलं तर आधी चिडलास. इकडं सगळे असंच लिहितात, मला फसवलं तेव्हा कुणाला वाईट वाटलं होतं, म्हणालास. मी फोन ठेवणार होते, तेवढ्यात तू म्हणालास, "स्प्रिंग मिळत नव्हती. रोज कपाट उघडलं की ती दिसायची. मला बघवत नव्हती."

बघवत नव्हती तर परत पाठवायची होतीस. त्या दिवशी हे म्हणायचं राहून गेलं, म्हणून आता लिहिलं.

आईला सांगितलं. भाऊबीज झाल्यावरच्या रविवारी. ती अंगणात शेंगा फोडत होती. नेहमीसारखं विचारलं, "शंभूचा फोन आला व्हता का? गाडीचं काय म्हनला?" मी बरेच दिवस ‘दुरुस्तीला टाकलीय’ म्हणत आले होते. तेच तोंडावर आलं होतं, पण तिनं शेंगा फोडायच्या थांबवून माझ्याकडं पाहिलं, आणि नव्या डोळ्यांनी तिला सगळंच दिसतं. मी म्हटलं, "आई, त्यानं विकली."

"इकली?" ती म्हणाली. "नड आसंल त्याला."

"नड नव्हती."

ती परत शेंगा फोडायला लागली. मला वाटलं, संपलं. मग म्हणाली, "इकताना काय लिवलं व्हतं? तू वाचलं आसशील. सांग."

मी टाळाटाळ केली, पण तिनं सोडलं नाही. मग सगळं सांगितलं. महाल, राजपुत्र, हत्ती. हत्तीला ती थोडी हसलीसुद्धा. ‘न खेळलेली’ म्हटलं, तशी उठली. मांडीवरच्या शेंगा अंगणभर झाल्या.

"न खेळलेली? माजं लेकरू त्या गाडीवर जगलं. डागदर आठ दिस म्हनला व्हता, त्यानं पावसाळा काढला, हिवाळा काढला, त्या गाडीवर! आन ह्यो लिवतो न खेळलेली?"

मी तिला धरून आत नेलं. पाणी दिलं. तिला रडू आलं नाही, मलाच आलं. मग ती म्हणाली, "कागद घे. म्या सांगते तसं लिव आन त्याला पाठव."

तिनं सांगितलं ते तिच्याच शब्दांत खाली लिहिते. एक अक्षर इकडचं तिकडं केलेलं नाही.

"ही गाडी समर्थ हिंदुराव, ऱ्हानार कळंब, याची हाय. राजाबिजाची न्हाय. त्याच्या बापाला सायबानं दिली. लई खेळलेली हाय. रोज खेळलेली हाय. पोराला पायावर हुबं ऱ्हाता येत नव्हतं, मोठा भाव गुडघं फुटस्तवर तिच्यामागं रांगायचा. डब्यावर गावाचं नाव समर्थनं काढलं. गाडी लांब गेली तर कुठं परत यायचं त्ये तिला कळाय पायजे, म्हनला. इंजिन चालत न्हाय."

मी विचारलं, "आणि किंमत?"

म्हणाली, "किंमत कशाला लिवती? इकून झाली की. कुनाची व्हती तेवढं तरी खरं ऱ्हाऊ दी."

दादा, तिनं तुला रागाचा एकही शब्द लिहायला सांगितला नाही. तो मोठा भाऊ तिनं आपणहून घातला. मी नुसती लिहून घेत होते.

आता जे आईला सांगितलेलं नाही ते तुला सांगते. मागच्या आठवड्यात मी पुन्हा ते पान उघडलं. का, ते मला माहीत नाही. त्या व्यापाऱ्यानं गाडी फोडली आहे. इंजिन वेगळं, रूळ वेगळे, तपकिरी डबे वेगळे. प्रत्येकाला वेगळी किंमत आणि वेगळी गोष्ट. हिरवा डबा शेवटी सापडला. त्याला नवा रंग दिलाय. चकचकीत आहे, कुठं ओरखडा म्हणून नाही. खाली लिहिलंय, ‘नव्यासारखा’. तो आपलाच डबा, हे मी खिडकीच्या वाकलेल्या पत्र्यावरून ओळखलं. ती तीन अक्षरं आता त्या रंगाखाली आहेत किंवा घासून काढलीत. ह्यांनी विचारलं, आपण बोली लावायची का? मी नको म्हटलं. तो विकत आणून आईच्या हातात काय म्हणून ठेवायचा?

परवा तुझा फोन आईकडं आला तेव्हा मी तिथंच होते. ती घ्यायला उठली नाही, म्हणून मी घेतला. तू म्हणालास, व्यापाऱ्याला लिहिलंय, तो ऐकत नाही, पण तसलीच दुसरी पूर्ण गाडी मिळतेय, चालू आहे, जानेवारीत येताना घेऊन येतो. बोलता बोलता तू रडायला लागलास. तुला रडताना मी समर्थ गेला तेव्हा ऐकलं होतं, त्यानंतर हे आत्ताच. मी ‘आईला विचारून कळवते’ म्हणाले आणि ठेवला.

विचारलं. ती म्हणाली, "त्याला म्हनावं, ये. पोरीला घिऊन ये, मला बघायचीय. पर त्या गाडीच्या जागी दुसरी गाडी आनू नगंस. माज्या एका पोराच्या जागी दुसरं आनलं व्हतं का कुनी?"

तर तिचा निरोप हा असा आहे. तिनं तुला बोलावलंय.

मी अजून बोलावलेलं नाही. तुझ्याशी काय बोलायचं, ते मला ठरवता येत नाही, आणि जानेवारीपर्यंत ठरेल असंही वाटत नाही. पण विमानाची तारीख-वेळ कळव. पुण्याला विमानतळावर मी येईन. वाटेत बोललो नाही तरी चालेल. कळंबच्या घरात तुला एकट्यानं शिरायला लागू नये, एवढंच.

तुझी आणि समर्थची,
योगिनी